तोंड माझंच हुतं

आमच्या घरी दर मंगळवारी देवी यायची, त्यामुळे मंगळवारी आमच्या घरात भांडण होत नसे. बाकीच्या सहा दिवसांत ती कसर भरून निघायची. बाई, म्हणजे माझी आई (आमच्याकडे आईला बाईच म्हणतात), सोमवारी दिवेलागणीच्या आत सगळ्यांना बोलून मोकळी व्हायची. मला केस मोकळे सोडले म्हणून, दादांना म्हणजे वडलांना चिखलाच्या वहाणा ओसरीवर आणल्या म्हणून, आणि म्हशीला ती म्हैस होती म्हणून. मंगळवारी पहाटे न्हाऊन ती हिरवं लुगडं नेसली की तिचा आवाजच खाली यायचा. त्या दिवशी ती मला 'बाळा' म्हणायची आणि मला ते मुळीच आवडायचं नाही.

आमची वस्ती देवळाली प्रवरेच्या बाजूला, पाटाच्या पाण्यावरच्या उसात पार बुडालेली. ऊस वाढला की घरातून फक्त आभाळ दिसायचं, आणि तुटला की एकदम शेजारच्या गिरजामावशीचं घर, त्यांचा गोठा, त्यांच्या दोरीवरची लुगडी असं सगळं उघडं पडायचं. हंगामात कारखान्याचा भोंगा हेच आमचं घड्याळ. भोंगा झाला की बाई तवा टाकायची आणि दादा बांधावरून घराकडं बघायचे. कारखान्याच्या मळीचा वास आला की पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. मला मात्र तो वास अजून आवडतो. नगरला सावेडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये सून उदबत्ती लावते तेव्हा मला उगाच वाटतं, यापेक्षा मळी बरी. सुनेला हे सांगितलेलं नाही.

मंगळवारी दुपारचा भोंगा झाला की बाया जमायच्या. नारळ, लिंबू, हळदकुंकू घेऊन ओसरीवर दाटीवाटीनं बसायच्या. बाई कपाळभर मळवट भरून पाटावर बसायची. गिरजामावशी, तिची शेजारीण आणि जिवाभावाची मैत्रीण, कापूर लावायची आणि घंटा वाजवायची. थोड्या वेळानं बाईच्या खांद्याला कंप सुटायचा, अंबाडा सुटायचा, ती घुमायला लागायची आणि मग बोलायची. आवाज तिचाच, पण घशाच्या खालून येणारा. कुणाचं लग्न कधी जमेल, कुणाचा बैल कुठं गेला, विहीर कुठं घ्यावी. एकानं तिच्या शब्दावर विहीर खणली आणि खाली खडक लागला, पण त्यानं बाईला बोल लावला नाही. बोल कुणाला लावायचा? बोलली होती देवी, आणि देवीला कोण जाब विचारणार? अंगातलं उतरलं की बाई लिंबाचं सरबत प्यायची आणि विचारायची, "काय म्हनली गं देवी?" गिरजामावशी तिला सगळं पुन्हा सांगायची. बाई डोळे मोठे करून ऐकायची.

दादा मंगळवारी घरात थांबत नसत. फडक्यात भाकरी, ठेचा, कांदा बांधून सकाळीच शेतात जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आज घरची मालकीन दुसरी हाय बाबा. तिची न् माझी वळख न्हाई."

या सगळ्यातला फायदा माझ्या लवकर ध्यानात आला होता. दहा-एक वर्षांची असताना काकवीची बरणी उतरवताना माझ्या हातून लवंडली. सगळ्या स्वैपाकघरात काकवी. बाई दारात उभी. मी केस विस्कटले, खांदे हलवले आणि म्हणाले, "माझ्या अंगात आल्तं." तिनं पाठीत असा एक धपाटा घातला की जे काही आलं असेल ते उतरून गेलं. "सांडली कोनी?" "देवीनं." आणखी एक. "सांडली कोनी?" "मी." त्यावर तिनं मला पाटावर बसवलं, बरणीच्या तळाची काकवी निपटून भाकरीवर घातली आणि म्हणाली, "आता खा." मी रडत रडत खाल्ली. तेव्हा मला वाटलं होतं, ही मोठ्यांची लबाडी आहे. त्यांच्या अंगात आलेलं चालतं आणि आमच्या आलेलं चालत नाही.

पुढं मी नगरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. पहिल्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहायचे: माणूस जे करतो ते त्याच्या हातात असतं का? पोरं खूश व्हायची. हातात नसेल तर नापास होणंही हातात नाही, हे त्यांना लगेच कळायचं. कुणी प्रारब्ध आणायचं, कुणी मेंदू आणायचं, कुणी म्हणायचं परिस्थिती. मी सगळं ऐकून घ्यायचे. पण तो प्रश्न मला पुस्तकात भेटला नव्हता. तो मी अकरावीत होते त्या हंगामात, गिरजामावशीच्या अंगणात भेटला, आणि तो माझ्या आईनं सोडवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. हे लिहायला बसले ते त्यासाठीच. शाळा दुसरीपर्यंतही न झालेल्या बाईची मी मुलगी आहे, हे मला एकदा मोठ्यानं सांगायचं आहे.

गिरजामावशीची सून सुमन पाथर्डीकडची, बाईच्या देवीचा डोंगर आहे तिकडची. तिकडं पाऊस कमी, जमीन असून नसल्यासारखी. तिच्या माहेरचे दर हंगामाला आमच्याकडच्या कारखान्याला ऊस तोडायला यायचे आणि पाचटाच्या कोप्या घालून राहायचे. त्या कोपीतच गिरजामावशीनं तिला हेरली. "एका हातानं मोळी उचलती पोर," असं सगळ्यांना कौतुकानं सांगून तिनं तिला सून करून आणली. सुमन माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी. हसली की तोंडावर हात धरायची. मला तिची उसाची कांडी सोलण्याची पद्धत फार आवडायची. दातानं एकच ओढ, की साल अख्खी खाली.

त्या रविवारी गिरजामावशीची बोरमाळ गेली. न्हाताना काढून भिंतीतल्या देवळीत ठेवली होती, न्हाऊन आली तर देवळी रिकामी. बोरमाळ तिच्या आईची होती. सोमवारी ती आमच्या चुलीपुढं येऊन बसली. बाई आणि मी शेंगोळी वळत होतो. हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं, हिरवी मिरची. वळून बोटाएवढ्या वळकट्या करायच्या, गोल जोडायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. हे काम करताना हात गुंतलेले असतात आणि तोंड रिकामं असतं. गिरजामावशी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "घरात दुसरं तिसरं कोन हाय गं?" आणि बाई वळता वळता म्हणाली, "कोरड्या मुलखाची पोर. सोनं कदी बघितलंय का तिनं? तिच्याच पायानं गेलं आसंल." एवढंच. शेंगोळी झाली, आम्ही जेवलो. गिरजामावशीनं दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ओसरी भरलेली. गिरजामावशीनं घंटा वाजवली आणि तिनंच विचारलं, "आई, माझी बोरमाळ कोनी नेली?" बाई घुमत होती. मळवट घामानं गालावर ओघळला होता. ती म्हणाली, "कोरड्या मुलखाची घरात आली. तिच्या पायानं सोनं गेलं." सुमन मागं दाराशी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. सगळ्या बाया मान वळवून तिच्याकडं बघायला लागल्या. मी मात्र बाईकडं बघत राहिले. शब्द न् शब्द कालचाच होता. फक्त काल तो मिरचीच्या वासात आला होता आणि आज कापराच्या.

त्याच संध्याकाळी ठरलं की सुमनला माहेरी धाडायचं. तिचा भाऊ त्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर जवळच होता, त्याला निरोप गेला. शुक्रवारी तो गाडी घेऊन येणार होता. एकदा असं नाव ठेवून परत गेलेल्या मुलीला पुन्हा कोण आणतं? हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. देवीनं सांगितल्यावर माणसांनी काय बोलायचं?

बुधवारी सुमन आमच्याकडं आली. बाई बाजरीचं पीठ चाळत होती. सुमन उंबऱ्याबाहेरच बसली. मला वाटलं, ही आता बाईला बोलणार, आणि मनातून मला ते हवंही होतं. पण ती म्हणाली, "काकू, तुमच्यावर माझा राग न्हाई. तुमचा काय दोष त्येच्यात? तुमी कुठं सुदीवर हुत्या?" बाई चाळतच राहिली. सुमन म्हणाली, "मला येकच कळंना. देवी तर आमच्याकडचीच हाय. आमच्या डोंगरावरची. माझं जावळ तिच्याच पुढं काढलं. मग तिनं मला कसं वळखलं न्हाई?" मग ती पाणी प्यायली, तांब्या घासून पालथा घातला आणि गेली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, सोमवारचं आपलं चुलीपुढचं बोलनं देवीला ऐकू जातं का?"

बाईची चाळणी थांबली. धपाटा बसणार म्हणून मी पाठ सावरून बसले. पण तिचा हात पिठातच राहिला. दादांची भाकरी त्या दिवशी करपली, आणि ते आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

गुरुवारी ती कुणाला बोलली नाही. म्हशीलाही नाही. संध्याकाळी दादा हातपाय धुऊन आले तेव्हा तिनं त्यांना विचारलं, "तुमाला काय वाटतं, मंगळवारी माझ्यातनं कोन बोलतं?"

दादांनी पाय पुसले. मग म्हणाले, "मला काय ठावं? मी तर शेतात आसतो."

पंचा खुंटीला लावत ते पुढं म्हणाले, "म्हनून तर आसतो."

शुक्रवारी दुपारचा भोंगा झाला आणि पाठोपाठ सुमनच्या भावाची टायरगाडी गिरजामावशीच्या अंगणात शिरली. बाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली, तोंड धुतलं, कपाळावर रोजचंच टिकलीएवढं कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "चल. तू सोमवारी तितं हुतीस. मी कुठं खोटं बोलले तर तितंच सांग." मी घाबरले. तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता, पण पकड नेहमीचीच होती.

अंगणात दहा-बारा बाया होत्या, देवळातले पुजारी तात्या होते. सुमनचं गाठोडं गाडीत पडलं होतं. तिचा भाऊ खाली मान घालून बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत होता. तिचा नवरा म्हणवणारा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता, त्या खांबाइतकाच उपयोगाचा. बाई अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गिरजे, मंगळवारी मी जे बोलले ते देवीचं न्हाई. माझं हाय."

गिरजामावशीला आधी कळलंच नाही. मग ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आगं, तुला काय ठावं? तू कुठं सुदीत हुतीस?"

"हुते. मला आठवतंय. दर मंगळवारचं आठवतं, थोडं थोडं."

बायांत कुजबुज सुरू झाली. तात्या पुजारी पुढं आले. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त सगळ्यांची अब्रू राखायची होती. ते म्हणाले, "वैनी, कदी कदी देवीच्या वाटनं भलतंच बाहेरचं वारं शिरतं. तेच बोललं आसंल. तुमचा दोष न्हाई न् देवीचा बी न्हाई. लिंबू उतरून टाकू, पोरीला ऱ्हाऊ द्या."

आज विचार करते तेव्हा वाटतं, काय सोयीची वाट होती ती! सुमन राहिली असती, देवी राहिली असती, बाईचा मंगळवार राहिला असता. सगळं झाकून गेलं असतं, फक्त बाईनं मान हलवायची होती. मी तिच्याकडं बघत होते. मनातल्या मनात तिला म्हणत होते, हो म्हण, हो म्हण.

बाई म्हणाली, "बाहेरचं न्हाई तात्या, न् वरचं बी न्हाई. सोमवारी मी चुलीपुढं जे बोलले, तेच मंगळवारी पाटावर बोलले. ही पोर तितं हुती, इचारा तिला." मी मान डोलावली. मान माझीच मला जड झाली होती.

"मंग देवी येतच न्हाई का तुझ्यात?" कुणीतरी मागून विचारलं.

"येती," बाई म्हणाली. "अंगावर काटा येतो. पाय माझं ऱ्हात न्हाईत, हात माझं ऱ्हात न्हाईत. पर तोंड माझंच हुतं. काय बाहेर जाऊ द्यायचं न् काय न्हाई, ते माझ्याकडं हुतं. मी जाऊ दिलं." मग ती सुमनकडं वळली. "बोरमाळ कोनी नेली मला ठावं न्हाई. तू नेली का न्हाई ते बी ठावं न्हाई. पर तुझं नाव देवीनं घेतलं न्हाई. मी घेतलं. मी तुझी गुन्हेगार हाय."

गिरजामावशीचा चेहरा बघवत नव्हता. "आन् इतकी वर्षं आमाला फशिवलं व्हय?"

"तुमी कदी इचारलं न्हाई, न् मी सांगितलं न्हाई," बाई म्हणाली. "ते बी माझंच."

सुमन गाडीपाशी गेली, आपलं गाठोडं स्वतः खाली ओढलं, काखेत मारलं आणि भावाला म्हणाली, "आन्ना, बैल सोड. च्या पिऊन जा." त्या घरात तिनं स्वतःहून कुणाला चहा विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी. गिरजामावशी तिला अडवायला गेली नाही.

आम्ही घरी आलो. बाईनं लाकडं पुन्हा आत सारली आणि फुंकणी घेतली. मी तिच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली होती की उठून साऱ्या शिवारात ओरडून सांगावं, ही माझी आई आहे. मी पुढं आयुष्यात बरे दिवस पाहिले, सत्कार झाले, शाली मिळाल्या. त्या दिवसाइतकी ताठ मान पुन्हा कधी झाली नाही.

पुढच्या मंगळवारी ओसरी रिकामी. भोंगा झाला, कुणी आलं नाही. बाईनं पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. त्या दिवशी दादा शेतात गेले नाहीत. दुपारी ओसरीवर येऊन बसले, अगदी बाया बसायच्या त्या जागी, आणि म्हणाले, "शेंगोळी कर की. आज घरची मालकीन वळखीची दिसती." बाईनं त्यांच्यावर डोळे वटारले. मग दोघंही हसायला लागले, आणि मला जरा बरं वाटलं.

सगळं असं गोड झालं नाही. देवी बाईला सोडून गेली, असं लोक म्हणाले. काही जणी तर तिच्या हातचं हळदकुंकू घेईनात. गिरजामावशी दोन वर्षं बोलली नाही. मैत्रीण गेल्याचं बाईला फार लागलं, देवी गेल्याचं लागलं नसेल इतकं. सुमनचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा गिरजामावशीनं बांधावरूनच ओरडून विचारलं, "डिंकाचं लाडू मला जमत न्हाईत, येती का?" बाई हातातलं काम टाकून पळाली. नवरात्रात आरतीच्या वेळी कधी कधी बाईच्या खांद्याला कंप सुटायचा. तेव्हा ती पदराचा बोळा दातांत घट्ट धरून उभी राहायची, उतरेपर्यंत. पोरी फिदीफिदी हसायच्या. मला हसू येत नसे.

वर्गात ही गोष्ट मी दुसऱ्याच कुणाची म्हणून सांगायचे, तेव्हा बोरमाळ सापडली का, असं पोरं हमखास विचारायची. नाही सापडली. कुणी नेली तेही कधी कळलं नाही. मला आता वाटतं, ती सापडली असती तर बाईचं मोल थोडं कमीच झालं असतं. पुरावा हातात आल्यावर चूक कबूल करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

बाई थकली त्या वर्षीची गोष्ट सांगून थांबते. मी सुट्टीला गेले होते. तोवर माझं बरंच वाचून झालं होतं. तंद्रीत माणसाचा स्वतःवर ताबा राहत नाही, ऐकलेले शब्द मनाच्या तळाशी बसतात आणि आपोआप वर येतात, असं मी तिला समजावून सांगितलं. तिच्या मनावरचं ओझं उतरावं, एवढाच माझा हेतू होता. म्हणाले, "बाई, त्यात तुझा खरंच दोष नव्हता."

ती खाटेवर उठून बसली. काकवीच्या दिवशी दारात उभी होती तशीच दिसली मला. "गप," म्हणाली. "लई शिकलीस. माझं हाय ते माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि तांब्या माझ्या हातात देत म्हणाली, "मी बोलले म्हनून मला ते मागं घेता आलं. देवी बोलली आसती, तर ती पोर त्या दिशी गेलीच आसती की गं."

ऊस नुकताच तुटला होता. उघड्या रानापलीकडं, गिरजामावशीच्या अंगणात, सुमन आपल्या नातवाला जेवायला हाका मारत होती.